पुस्तकातली किल्ली

पंचवटी मागे टाकून पेठ रस्त्यानं मैलभर पुढं आलं, की उजव्या हाताला मिशनचा लहान दवाखाना लागायचा. दोन खोल्या, पुढं लांबलचक ओटी आणि गाड्या सोडायला कडुनिंबाची सावली. सन छत्तीसमधली ही गोष्ट. दवाखाना शांतवन आणि त्याची बायको सगुणाबाई असे दोघं मिळून चालवायचे. तो खरं म्हणजे कंपाउंडर, पण सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. ती बाळंतपणाचं शिकलेली नर्स. मोठ्या दवाखान्यातल्या मडम पंधरा दिवसांनी एकदा येऊन नजर टाकून जायच्या.

आतल्या खोलीत औषधांचं कपाट होतं, आणि त्या कपाटाची किल्ली शांतवन पुस्तकात ठेवायचा. शास्त्राच्या पुस्तकात, म्हणजे बायबलात, त्या दिवशी वाचायच्या पानावर. सकाळी तो ओटीवर उभा राहून वाचायचा, दोन शब्द समजावून सांगायचा, प्रार्थना करायचा. मग पान मिटताना किल्ली हातात यायची आणि कपाट उघडायचं. आधी वचन, मग औषध. चार वर्षांत हा क्रम त्यानं एकदाही मोडला नव्हता.

त्या बुधवारीही मोडला नाही.

बुधवार नाशिकच्या बाजाराचा. पेठेकडच्या पाड्यांवरची माणसं गवताचे भारे, टोपल्या, केरसुण्या घेऊन पहाटेच उतरायची आणि जाता जाता दवाखान्यात डोकावायची. कुणाचा कान फुटलेला, कुणाचे डोळे आलेले, कुणाला खरजेचं मलम हवं. ओटी भरली की शांतवनला हुरूप यायचा, त्यामुळं बुधवारचं वाचन इतर दिवसांपेक्षा लांबायचं.

पौषातली थंडी होती. सगुणाबाई आत शेगडीवर चिमटे-सुया उकळत होती. खिडकीतून तिला गाडी आलेली दिसली. एक तरणा गडी खाली उतरला, त्यानं बैल सोडले, ओटीकडं पाहिलं आणि डोक्याचं फडकं काढून हात जोडून कडेला बसला. गाडीत एक म्हातारी होती, तिच्या मांडीवर गाठोडं. शेजारी कुणीतरी गोधडी घेऊन निजलेलं. हिवतापाचं असेल, असं सगुणाबाईला वाटलं. थंडीत सगळेच पांघरलेले असतात. मध्ये एकदा तिनं गाडीकडं पुन्हा पाहिलं. म्हातारी गाठोड्यावर वाकून त्याला ऊब देत होती. सगुणाबाई पुन्हा सुया उचलायला वळली. ते दोन वेळचं पाहणं पुढं तिला किती दिवस छळणार होतं!

शांतवन वाचत होता. आवाज मोठा गोड होता त्याचा, संथ. एकेक शब्द कसा धान्य निवडावं तसा निवडून ठेवल्यासारखा.

शेवटचं 'आमेन' झालं. पाठोपाठ झाडलोट करणारी भागीबाई आत आली. "बाई," ती म्हणाली, "त्या गाडीखाली लाल काय गळतंय वो?"

सगुणाबाई धावली. गोधडी उचलली तर खालचा पेंढा भिजून काळा पडलेला. वीस-बावीस वर्षांची बाई. हात अजून कोमट होता, पण नाडी नव्हती. म्हातारीच्या मांडीवरच्या गाठोड्यात पहाटे जन्मलेलं मूल होतं. मुलामागून पडायची वार पडली नव्हती. अशा अडकलेल्या वारेच्या चार बायका सगुणाबाईनं आजवर हातानं वार काढून, पोट चोळून आणि सुई देऊन वाचवल्या होत्या. तिनं तेच केलं. शांतवननं धावत जाऊन कपाट उघडलं, सुई आणली, टोचली. दोघांच्या कोपरापर्यंत रक्त झालं. पण दिव्यातलं तेल संपल्यावर वात वर करून काय उपयोग?

"आलात तेव्हा ही बोलत होती का रे?" सगुणाबाईनं त्या गड्याला विचारलं. काळू त्याचं नाव.

"व्हय की. पाणी मागत व्हती."

"मग तू सांगितलं का नाहीस? हाक का मारली नाहीस?"

काळूनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू हिलाच हे कसं ठाऊक नाही. "दागदर मंतर म्हणत व्हते ना बाई. मंतर मोडला तं दवा लागत नाय. म्हणून गपचीप बसलो."

"आमच्या भगताचं बी तसंच हाय," म्हातारी म्हणाली. ती काळूची आई, साळूबाई. "मधी बोललं का समदं वाया. मीच त्याला दटावलं, म्हन्लं बोलू नको, पुरा होऊ दे."

त्या दोघांनी कुणाला बोल लावला नाही. त्यांच्या लेखी मंतर पुरा झाला होता, दवाही मिळाली होती, तरी काळूची बायको नवसी गेली होती. असं होतं कधी कधी. काळूनं बैल जुंपले. पोराला दूध कोण देईल, हे सगुणाबाईनं विचारलं तेव्हा साळूबाई म्हणाली, "चुलतसून ओली बाळंतीण हाय घरात. तिचं एक वढतंय, दुसरं बी वढंल." आणि गाडी आल्या वाटेनं परत गेली.

शांतवन हात धुऊन आला. किल्ली त्यानं पुसून परत पुस्तकात ठेवली, उद्याच्या पानावर. मग हलक्या आवाजात म्हणाला, "देवाची इच्छा, सगुणा. आपण आपलं केलं."

हे शब्द सगुणाबाईनं पूर्वी एकदा ऐकले होते. ऐकले होते कशाला, स्वतःच्याच तोंडानं म्हटले होते. "देवीची मर्जी," असं म्हटलं होतं, एवढाच फरक.

दुपारी भागीबाईनं तिच्यापुढची थाळी पाहिली. भाकरी जशीच्या तशी. "बाई, परत उपास धरला का काय? तुमच्या नव्या देवाला चालतं वाटतं?" ती मुद्दाम हसवायला बोलली होती. सगुणाबाईला हसू आलं नाही.

एके काळी तिचे उपास मखमलाबादच्या साऱ्या मळ्यांत ठाऊक होते. माहेर झेंडू-शेवंती लावणाऱ्यांचं, सासरही तसंच. सोमवार, मंगळवार, चतुर्थी. चातुर्मासात एक वेळ जेवण. व्रत तिला कधी ओझं वाटलं नाही. सकाळी उठल्यावर आज काय धरलंय हे आठवलं की दिवसाला जणू कणा मिळायचा. तिचा हाच नवरा तेव्हा दाजीबा होता, सरकारी देवीडॉक्टर. लस आणि छोटी सुरी पेटीत घेऊन तो त्र्यंबकपासून दिंडोरीपर्यंत गावोगाव पोरांच्या देवी काढत हिंडायचा.

तीन वेळा पोटातच गेल्यावर सगुणानं वणीच्या देवीला नवस बोलला: मूल जगू दे, चैत्राच्या यात्रेत गडावर जावळ काढीन, आणि तोवर त्याच्या अंगाला लोखंड लावणार नाही. मुलगी झाली. गोदी. दहा महिन्यांची झाली तरी तिची नखं सगुणा दातांनीच काढायची.

माघात आसपास देवीची साथ आल्याचं कानावर आलं. एक दिवस दाजीबा घाईघाईनं घरी आला. बाहेर त्र्यंबकला निघालेला टांगा उभा होता. "गोदीला आण," तो म्हणाला, "लस ताजी आहे, दोन ओरखडे काढतो आणि निघतो."

सुरी लोखंडाची होती. गड दोन महिन्यांवर होता. सगुणाच्या तोंडून निघून गेलं, "तिला ताप आहे आज."

तापात देवी काढत नाहीत. "बरं, पुढच्या फेरीला," असं म्हणून तो टांग्यात बसला. पोरगी आतल्या खोलीत ठणठणीत होती, लाकडी गाडीची चाकं चोखत बसली होती.

फाल्गुनात गोदीला देवी आल्या. चैत्राची यात्रा आठ दिवसांवर असताना ती गेली.

लोक काय बोलायचे ते बोलले. गावच्या पोरांना राखतो आणि घरातली वात विझली ते कळलं नाही, असं त्याच्या तोंडावर म्हणाले. रात्रंदिवस त्याचं एकच चालायचं: "मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला नाही. टांगा उभा होता म्हणून. माझ्या घाईनं गेली." सगुणानं एकदा तोंड उघडलं होतं. पण समोरचा माणूस पाऊण मेलेला. त्याला आता हे सांगावं कसं? आणि सांगितल्यावर तो आपल्याला घरात ठेवील का? तिनं तोंड मिटलं. मिटलेलं तोंड दिवसेंदिवस जड होत गेलं.

पुढं त्याला विषमज्वर झाला. एकवीस दिवस तो मिशनच्या दवाखान्यात होता. उशाशी बसणाऱ्या मडमना त्यानं तापातच सारं सांगितलं, आणि त्या म्हणाल्या की या पापाचीही क्षमा आहे, मागून तर पाहा. त्यानं मागितली. ताप उतरला तेव्हा त्याचा चेहराच वेगळा होता, पुराचं पाणी ओसरल्यावर घाट दिसावा तसा. जगायचं तर ज्यानं क्षमा केली त्याच्यासाठी, असं त्यानं ठरवलं. बाप्तिस्मा घेतला, शांतवन नाव घेतलं. भावांनी घर बंद केलं, सासूनं तोंडावर पदर ओढला. सगुणा त्याच्यामागून गेली ती नव्या देवावर विश्वास होता म्हणून नव्हे, नवरा पुन्हा हरवेल या भीतीनं. तिचा विश्वास मागाहून आला. बाळंतिणींच्या खोलीत, रक्तात आणि ओल्या दुपट्यांत, मडमबरोबर रात्रीच्या रात्री काढताना, कधी आला ते तिला कळलंही नाही. तोवर ती सोमवार पाळायची, कुणाला न सांगता. मग एका सोमवारी जेवून उठल्यावर तिला आठवण झाली, आणि भीती वाटली नाही.

देवाकडं तिनं क्षमा मागितली होती. पुष्कळदा. नवऱ्याकडं एकदाही नाही.

आणि या दवाखान्यात आल्यावर पहिल्याच दिवशी शांतवननं किल्ली पुस्तकात ठेवली. "माझ्या घाईनं पोर गेली," तो म्हणाला होता. "आता या हातांना घाई नाही. त्याचं नाव घेतल्याशिवाय ते बाटलीला लागणार नाहीत."

म्हणजे ती नवसी गाडीत पाणी मागत संपली, ती कशामुळं? सगुणाबाई धागा मागं मागं ओढत गेली आणि टोक तिच्याच हातात आलं. ज्या पापाची क्षमा मागून तिचा नवरा उठून उभा राहिला होता, ते पाप त्याचं नव्हतंच. त्यावरच त्याचा देव उभा, दवाखाना उभा, संसार उभा. ते काढून घेतलं तर तो पुन्हा कोसळेल. नाही काढलं, तर पुढच्या बुधवारी दुसरी गाडी येईल.

गुरुवारी दुपारी दोघं मागच्या अंगणात धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत बसले होते.

"अहो," ती म्हणाली, "गोदीला त्या दिवशी ताप नव्हता."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्ही लस आणलीत त्या. बाहेर टांगा होता."

त्याचे हात थांबले नाहीत. पट्टी शेवटपर्यंत गुंडाळून, टाचणी लावून त्यानं डब्यात ठेवली. "नव्हता?"

"नव्हता. मी खोटं बोलले. नवस होता माझा, लोखंड लावायचं नव्हतं."

कडेला कोंबडी माती उकरत होती. तो मग म्हणाला, "मग मी क्षमा कशाची मागितली?"

सगुणाबाईनं हातातली पट्टी पुन्हा उलगडली.

"नऊ वर्षं, सगुणा. नऊ वर्षं मी रोज सकाळी..." तो उठला, पायात वहाणा घातल्या आणि नाशिकच्या दिशेनं चालू लागला. दिवस मावळता मावळता परत आला. वाढलेलं जेवला, पण भोजनाआधीची प्रार्थना केली नाही. दुसऱ्या दिवशी वाचन केलं नाही. तीन-चारच माणसं आली होती. त्यांना भागीबाईनं सांगितलं, आज डॉक्टरांना बरं नाही, उद्या या. पुस्तक फळीवर तसंच होतं, किल्ली पोटात घेऊन.

रविवारी सगुणाबाई एकटीच मिशनच्या देवळात गेली. उपासना सुटल्यावर पाळकबाईंनी विचारलं, "शांतवनराव दिसत नाहीत. ताप आहे का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हणायला तिनं तोंड उघडलंही. "नाही," ती म्हणाली. "ताप नाही."

"मग?"

"माझ्यावर रागावलेत. देवावरही असतील."

पाळकबाईंनी तिचा हात धरला आणि फाटकापर्यंत तिच्यासोबत आल्या. वाटेत गोदाकाठी सोमवारची फुलं विकायला बसलेल्या माळणींत तिला माहेरची एक दोन तोंडं दिसली. त्यांनी मान वळवली. तिला त्याचं त्या दिवशी काही वाटलं नाही. मनात एकच चालू होतं: नवऱ्याचा देव आपण मोडला. व्रत मोडलं तर त्याला प्रायश्चित्त सांगितलेलं असतं. याला कुठं काय सांगितलंय?

घरी आल्यावर ती फळीपुढं उभी राहिली, पण पुस्तकाला हात लावला नाही. ती किल्ली आपण काढायची नाही, एवढं तिला कळत होतं.

बुधवार उजाडला. धुकं इतकं, की कडुनिंब दिसत नव्हता, नुसत्या बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. ओटी भरली. माणसांनी सवयीनं फडकी काढली, बायकांनी पोरांना गप्प केलं. शांतवन पुस्तक घेऊन बाहेर आला. उभा राहिला. पान उघडलं. सगुणाबाई शेगडीपाशी चिमटा धरून उभी होती. तो वाचेल, तर सारं पूर्वीसारखं होईल. वाचणार नाही, तर काय होईल हे तिला दिसत नव्हतं.

त्यानं पुस्तक बंद केलं. आत आला, आणि कपाटाच्या कुलुपात किल्ली फिरल्याचा आवाज तिनं ऐकला.

"अगं, आज भजन नाय?" बाहेर कुणी बाई कुजबुजली. "मलम तरी हाय का नाय मंग?"

तो ओटीच्या अलीकडच्या टोकापासून सुरू झाला. कान, डोळे, खरूज. चेहरा दगडासारखा. हात मात्र भराभर चालत होते, नऊ वर्षांपूर्वीच्या देवीडॉक्टरासारखे. तो पलीकडच्या टोकाला पोचला तेव्हा तिथं खांबाला टेकून साळूबाई बसली होती. मांडीवर तेच गाठोडं. ती कधी आली, कुणालाच कळलं नव्हतं.

"केव्हापासून बसलीस?" त्यानं विचारलं.

"धुकं व्हतं तवापासून. दूध वढीत नाय पोर. निळं पडलंय. तुमी मंतर म्हणा बाबा आधी, मी थांबते. मागल्या खेपेला बी थांबलो व्हतो आमी."

शांतवननं गाठोडं सोडलं. पोराची नखं जांभळी झाली होती, छाती पाखरासारखी वरखाली होत होती. त्यानं ते उचललं, स्वतःच्या सदऱ्याची गुंडी काढून उघड्या छातीशी धरलं आणि वरून उपरणं ओढून घेतलं.

"सगुणा," त्यानं हाक मारली. सहा दिवसांत पहिल्यांदा. "पाणी गरम कर. बाटल्या भर, फडक्यात गुंडाळून आण. आणि शेळीचं दूध बघ भागीबाईकडं."

"मंतर?" साळूबाई घाबरून म्हणाली. "बाबा, मंतराबिगर दवा लागंल का?"

"आधी पोर."

"आन् मंतर?"

"मागून म्हणू."

"मागून चालतो?"

शांतवनची बोटं पोराच्या कपाळावर होती, उष्णता पाहत होती, किंवा नुसतीच टेकली होती. "चालतो," तो म्हणाला. "देवाला थांबता येतं. पोराला येत नाही." मग, जणू साळूबाईला नाहीच, "गोदी कुणाच्या चुकीनं गेली, हे तो विचारत बसला नसेल मला क्षमा करताना. मीच सांगत होतो."

सगुणाबाईनं हे आतून ऐकलं. उकळतं पाणी बाटलीत ओतताना तिच्या हातावर सांडलं, ते तिला नंतर कळलं.

दुपारपर्यंत पोराच्या नखांचा जांभळेपणा थोडा उतरला. कापसाची वात दुधात बुडवून तोंडाला लावली, तर तीनदा त्यानं नुसती जीभ हलवली, आणि चौथ्यांदा चोखली. "संध्याकाळपर्यंत काही सांगता यायचं नाही," शांतवन म्हणाला. साळूबाईनं मान डोलावली आणि खांबाला टेकून डोळे मिटले.

ओटी रिकामी झाल्यावर तो आत आला. पोर अजून छातीशीच होतं. फळीवरचं पुस्तक त्यानं एका हातानं खाली घेतलं आणि सगुणाबाईपुढं केलं. इतके दिवस किल्ली ज्या पानावर होती, तिथं तांबेरा उमटला होता.

"वाच," तो म्हणाला.

"तुम्ही वाचा ना."

"मला अजून जमत नाही, सगुणा. बघू पुढं. तू वाच."

तिचा आवाज त्याच्यासारखा गोड नव्हता. मधून मधून अडखळायचा. साळूबाईनं एक डोळा उघडला, मंतर चालू झाला हे पाहिलं आणि समाधानानं पुन्हा मिटला. तांबेऱ्यापाशी दोन शब्द पुसट झाले होते. सगुणाबाईनं ते अंदाजानं म्हटले. शांतवन खिडकीशी पाठमोरा उभा होता. त्यानं हात जोडले नव्हते, जोडायला हात मोकळेच नव्हते. कपाट सताड उघडं होतं आणि किल्ली कुलुपातच होती.